हाताला घट्ट, आतून कच्चे

(औंढा नागनाथ येथे विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



औंढ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही आजचा विषय नौकेचा आहे. गोव्यातील दिवाडी बेटावर लाकडाच्या पट्ट्या, काचतंतू आणि इपॉक्सी रेझिन यांतून ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घडली. २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला दिलीप दोंदे तिच्यातून एकट्याने निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून हे साधणारे ते पहिले भारतीय. अशा प्रवासात खलाशी आणि महासागर यांच्यामध्ये नौकेची भिंत तेवढी असते.

ही भिंत पक्की कशी होते? स्लॅबवर पाणी मारून केलेले ‘क्युअरिंग’ आपणास परिचित आहे. रेझिनचेही क्युअरिंग असते, पण ते वाळणे नव्हे. रेझिन आणि हार्डनर यांचे रेणू परस्परांत गुंफले जातात. खोलीच्या तापमानात ही गुंफण बरीचशी होते आणि थांबते. पृष्ठभाग हाताला दगडासारखा लागतो. मात्र असे इपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. भर उन्हात गडद रंगाचा डेक ७० अंशांच्याही वर तापू शकतो.

म्हणून अनेक इपॉक्सींना नंतर उष्णता द्यावी लागते. नौकेभोवती उष्णतारोधक तंबू उभारून गरम हवा सोडतात. घाई केल्यास गुंफण होण्याआधीच रेझिन मऊ पडते आणि आधार नसलेला सांगाडा वाकतो. यास्तव निर्मात्याच्या तक्त्याप्रमाणे तापमान पायरीपायरीने चढवतात, काही तास स्थिर ठेवतात आणि सावकाश उतरवतात. मोजायचे ते तंबूतील हवेचे तापमान नव्हे, तर नौकेच्या सर्वांत थंड कोपऱ्याचे. कारण कच्चेपणा तिथेच उरतो.

रंग चढल्यावर हे काम कुणालाच दिसत नाही. त्याची साक्ष देते ती फक्त तापमानाची नोंदवही.

आपल्याच तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा आकारास येत आहे. अमेरिकेतील लायगोच्या चार-चार किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्याही आतील पाण्याचा अंश घालवण्यासाठी कित्येक दिवस तापवाव्या लागल्या होत्या. हेतू वेगळा, शिस्त तीच. तेथे काम करण्याची संधी तुमच्यापैकी कुणाला लाभली, तर ती नोंदवही प्रामाणिकपणे भरा. तिच्यातील एका खोट्या आकड्याचे मोल दूरवर कुणीतरी अनोळखी माणूस चुकवीत असतो.