ययातीचे घर



कोल्हापुरात भाऊबंदकीवर बोलणे म्हणजे पंचगंगेच्या काठी उभे राहून पाण्याचे वर्णन करण्यासारखे आहे. एकाच भोसले घराण्याच्या सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची हद्द १७३१ साली वारणेच्या तहाने ठरली, हे आपणांस सांगावयास नको. म्हणूनच आजचा विषय इथे परका वाटणार नाही.

वि. स. खांडेकर १९३८ साली शिरोड्याहून या गावी आले आणि इथलेच झाले. त्यांची ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. पुढे तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले, आणि १९७४ साली खांडेकरांच्या रूपाने ज्ञानपीठ प्रथमच मराठीकडे आले. भोग आणि संयम यांची कथा म्हणून या कादंबरीची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्ही आज तिच्याकडे एका दुभंगलेल्या श्रीमंत घराची कथा म्हणून पाहू इच्छितो.

महाभारताच्या आदिपर्वात नहुषाचा थोरला मुलगा यति दोन शब्दांत निकालात निघतो. तो योगमार्गाला लागून मुनी झाला, एवढेच. खांडेकर मात्र तिथेच थांबतात आणि विचारतात, मागे राहिलेल्या घराचे काय झाले? नहुषाची मुले कधी सुखी होणार नाहीत, या शापाच्या भीतीने यति राजवाडा सोडतो. आई हे दुःख धाकट्यापासून लपवून ठेवते. पुढे अरण्यात ययातीची त्याच्याशी गाठ पडते, पण दोघांची भेट होत नाही. एकाने शरीराला शत्रू मानले आहे, दुसरा शरीरालाच सर्वस्व मानू लागणार आहे. वाटा उलट, पण भीती एकच. ती भीती दोघांनी एकमेकांपाशी बोलून दाखविली असती, तर!

याहून विदारक गोष्ट पुढची आहे. ययातीचा एक मुलगा यदु राजवाड्यात वाढतो. दुसरा, शर्मिष्ठेचा पुरु, वाड्यापासून दूर, ओळख लपवून वाढतो. बापावर जे ओढवले, तेच त्याने आपल्या मुलांवर आणले. आमच्या मते कादंबरीतला खरा शाप तो हाच. ऋषीने तो एकदाच उच्चारला. घराने मात्र मौन पाळून तो पिढ्यान्‌पिढ्या जतन केला.

खांडेकरांचा कच कधी कधी फार बोलतो, यति मात्र फार थोडा वेळ भेटतो, ही आमची तक्रार आहे. परंतु रक्ताचे नाते नसताना शर्मिष्ठेला भावाची माया देतो, तो हा कचच. सख्खे भाऊ जे करू शकले नाहीत, ते परक्याने केले.

मंडळी, वाटणीत जमीन जाते, भांडी जातात, अंगणात भिंत उभी राहते. तेवढ्याने घर मोडत नाही. मुलांना ‘तुला एक काका आहे’ हे सांगायचे ज्या दिवशी थांबते, त्या दिवशी ते मोडते. आज घरी गेल्यावर आपल्यापैकी एकाने जरी अशा एखाद्या माणसाचे नाव मुलांसमोर घेतले, तरी हे व्याख्यान सार्थकी लागले असे आम्ही समजू.