शिफ्टची नोंदवही आणि संशोधन



पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी सोमाटणे सोडते, मग रसायनी येतं आणि त्यापुढचं स्टेशन आपटा. या एका रेल्वेमार्गालगत महाराष्ट्राच्या रसायन उद्योगाचा मोठा इतिहास उभा आहे. रसायनीला हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स, पाताळगंगेच्या काठी रिलायन्स, नागोठण्याला गॅस क्रॅकर, रोह्याला रंगद्रव्यांचे कारखाने. हे सारे इथे येण्याचं एक मोठं कारण म्हणजे पाणी. टाटांचं खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. तिथून सुटणारं पाणी पाताळगंगेत येतं आणि नदी भर उन्हाळ्यातही वाहती राहते. पाणी होतं, जमीन मिळाली, मुंबई जवळ होती. तंत्रज्ञान मात्र बहुतेक वेळा बाहेरून विकत आलं. रसायन कंपनीत संशोधन आणि विकासाची घडी कशी बसवावी, हा आजचा विषय. त्याची सुरुवात या मातीतूनच करायला हवी.

हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स ही केंद्र सरकारची कंपनी १९६० साली स्थापन झाली. रसायनीच्या कारखान्यातून नायट्रोबेन्झिन, अ‍ॅनिलिन, फॉर्मल्डिहाइड अशी मूलभूत रसायनं देशभर जात. पुढे तोटा वाढत गेला आणि मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतले न परवडणारे प्लांट बंद करायचं ठरवलं. एकच प्लांट वगळला : नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. तो सुमारे २० एकर जमिनीसह इस्रोकडे सोपवायचा निर्णय झाला, कारण देशात हे द्रव बनवणारं दुसरं ठिकाण नव्हतं. जेमतेम २१ अंश सेल्सिअसला उकळणारं, तांबूस वाफा सोडणारं हे अत्यंत विषारी द्रव. रॉकेटच्या ठरावीक इंधनाला नुसतं भेटलं की ठिणगीशिवाय पेट घेतं. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातलं विकास इंजिन याच्यावर चालतं.

या निर्णयाकडे संशोधनाच्या नजरेने पाहिलं पाहिजे. अ‍ॅनिलिन जगात कुणीही विकतं, स्वस्तात विकतं. जे द्रव हवं तेव्हा बाजारातून आणता येत नाही, ते हाताळण्याचं ज्ञान ज्यांच्या हातात होतं, त्यांचा प्लांट टिकला. हे ज्ञान केवळ पेटंटच्या कागदात मावत नाही. कुठला व्हॉल्व्ह किती सावकाश उघडायचा, कुठली गॅस्केट किती दिवसांत खराब होते, हे सारं त्यात येतं. ते माणसांत साठतं. संशोधन विभागाची रचना करताना पहिला प्रश्न हाच असायला हवा की हे ज्ञान प्रयोगशाळेपर्यंत पोचतं कसं.

ते पोचलं की काय होतं, याचं एक उदाहरण पाहा. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथ इथे स्कॉटिश डाइज कंपनीच्या कारखान्यात थॅलिमाइड बनत होतं. पांढऱ्या मालात निळसर-हिरवी घाण दिसू लागली. भांड्याचं आतलं अस्तर तडकलं होतं आणि आतलं रसायन लोखंडाला लागत होतं. अशी बॅच बाजूला काढून भांडं दुरुस्त करणं सोपं होतं. तिथे ती घाण तपासली गेली. पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात लिन्स्टेड यांनी तिची रचना उलगडली, आणि लोखंडाच्या जागी तांबं घेऊन बनवलेलं निळं रंगद्रव्य १९३५ मध्ये बाजारात आलं. आज छपाईच्या शाईत आणि भिंतीच्या रंगात जो निळा दिसतो, तो बहुतेक तोच. कारखान्यात कुणीतरी पाहिलं, कंपनीतल्या रसायनतज्ज्ञांनी तपासलं, विद्यापीठाने समजावून सांगितलं. या तिघांमधली एक जरी कडी तुटली असती, तर ती निळाई नाल्यात गेली असती.

याच घराण्यातली रंगद्रव्यं पुण्याची सुदर्शन केमिकल इंडस्ट्रीज बनवते. तिचे कारखाने रोहा आणि महाडला. रंगद्रव्याचं काम एकट्या रसायनतज्ज्ञाचं नव्हे. तांब्याच्या या निळ्याचा रेणू तोच, पण स्फटिकांची मांडणी बदलली की एक प्रकार लालसर झाक देतो, दुसरा हिरवट. कणांचा आकार बदलला की तोच माल शाईत चालतो आणि प्लास्टिकमध्ये चालत नाही. म्हणून अशा कंपनीत रेणू जुळवणाऱ्या प्रयोगशाळेइतकंच महत्त्व वापर तपासणाऱ्या प्रयोगशाळेला असतं. तिथे माल खरोखर रंगात घोटतात, पट्ट्यावर ओढतात, उन्हात ठेवतात. ग्राहकाची तक्रार तिथूनच आत येते. सुदर्शनने २०२५ मध्ये ह्यूबाख हा जर्मन समूह ताब्यात घेतला. त्या समूहाचा एक कारखाना रोह्यातच आहे, मूळचा कलर-केम कंपनीचा. रोह्याच्या शेजाऱ्याची मालकी अशी जर्मनीच्या वाटेने आली, ही मराठी उद्योगाच्या इतिहासातली लक्षणीय घटना आहे.

आता काचेच्या चंबूपासून लोखंडी रिअ‍ॅक्टरपर्यंतच्या प्रवासाविषयी. इथेच बहुतेक कल्पना दम तोडतात. भांडं दहापट उंच आणि दहापट रुंद केलं की आतला माल हजारपट होतो आणि उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त शंभरपट. चार माणसांची आमटी आणि लग्नाची आमटी यांत जो फरक, तोच इथे जिवावर बेततो. नायट्रेशनसारख्या तापणाऱ्या प्रक्रियेत आम्ल किती वेगाने सोडायचं, ढवळणी थांबली तर काय होईल, याची उत्तरं प्रयोगशाळेत कॅलरीमापीने आधी मोजावी लागतात आणि मग पायलट प्लांटवर पडताळावी लागतात. पायलट प्लांट नसलेला संशोधन विभाग अपुराच म्हणावा लागेल.

कंपनीच्या भिंतीबाहेरचं सहकार्य कसं असावं, याचं चांगलं उदाहरण पुण्यात घडलं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झायलीनची रूपं बदलणारा ‘एन्सिलाइट’ हा झिओलाइट उत्प्रेरक विकसित केला. ऐंशीच्या दशकात एनसीएल, एसीसी आणि बडोद्याची आयपीसीएल यांनी मिळून तो प्रत्यक्ष उत्पादनापर्यंत नेला. प्रयोगशाळा, उत्प्रेरक बनवण्याची क्षमता आणि तो वापरणारा कारखाना, तिघेही पहिल्यापासून एका टेबलाशी होते. यातून मिळणारं पॅराझायलीन हा पॉलिएस्टरचा कच्चा माल.

पॉलिएस्टर म्हटलं की पाताळगंगा आलीच. रिलायन्सचा इथला धाग्याचा कारखाना १९८२ मध्ये ड्यू पॉन्टच्या तंत्रज्ञानावर उभा राहिला. जुलै १९८९ च्या पुरात तो पाण्याखाली गेला, यंत्रांत चिखल भरला. २१ दिवसांत तो पुन्हा चालू झाला. विकत घेतलेलं यंत्र उघडून, धुऊन, जोडून चालवणारी माणसं इथेच होती. त्या तीन आठवड्यांत तंत्रज्ञान किती आत्मसात झालं असेल, हे कुठल्याही ताळेबंदात लिहिलेलं नाही.

सरकारी बाजू थोडक्यात. कंपन्यांच्या संशोधन केंद्रांना केंद्राचा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभाग मान्यता देतो. या केंद्रांच्या खर्चावर पूर्वी २०० टक्के करवजावट मिळे, ती २०१७ नंतर १५० आणि २०२० नंतर १०० टक्क्यांवर आली. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. सवलत कमी झाल्यावर हात आखडणाऱ्या कंपन्यांना संशोधन कधी हवंच नव्हतं, असं स्पष्ट म्हणावं लागेल.

आपट्याच्या परिसरातल्या लहान कारखान्यांना स्वतःचा पायलट प्लांट किंवा कॅलरीमापी परवडत नाही. ती सोय सामायिक असावी, याच पट्ट्यात असावी. पनवेल आणि पेणच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींना तिथे काम करता यावं. दुसरी मागणी अधिक साधी आहे. रात्रपाळीचा ऑपरेटर रिअ‍ॅक्टरजवळ जे पाहतो, ते मराठीत पाहतो आणि मराठीतच बोलतो : फेस जास्त आला, रंग काळपट पडला, गाळायला वेळ लागला. लॉगशीटवर मात्र इंग्रजी रकाने असतात आणि त्यांत तापमान आणि दाब एवढेच आकडे पडतात. त्या कागदावर मराठीत निरीक्षण लिहिण्यासाठी एक मोकळा रकाना द्यावा, आणि दर आठवड्याला संशोधन विभागातल्या एकाने प्लांटवर येऊन, लिहिणाऱ्यासमोर बसून तो वाचावा. या परिषदेने आजच्या ठरावांत ही मागणी पहिल्या क्रमांकावर घ्यावी, अशी अध्यक्षपदावरून विनंती आहे.