पाणी मोजणे आणि पाणी वाटणे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांचे कलम ५१ क राज्यघटनेत आले. त्यातील एकाच खंडात विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन आणि मानवतावाद या दोहोंचा उल्लेख आहे. पहिल्याचा उच्चार आपण वारंवार करतो. दुसरा त्याच्या शेजारी का आहे, याचा विचार क्वचितच करतो. विज्ञाननिष्ठेची किंमत आपल्या चळवळीने २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या बलिदानाने मोजली आहे. तेव्हा विज्ञानाच्या मर्यादांविषयी मी बोलणार आहे ते विज्ञानाला कमी लेखण्यासाठी नव्हे. विज्ञानाच्या नावावर जे निर्णय जनतेच्या माथी मारले जातात, त्यांत विज्ञान किती आणि हितसंबंध किती, हे निवडून काढता यावे, एवढाच हेतू आहे.

पाण्याचेच उदाहरण घेऊ. पाणलोटात पाऊस किती पडतो, किती वाहून जातो, किती मुरतो, किती अडवता येईल, हे विज्ञान सांगते आणि ते विज्ञानालाच विचारले पाहिजे. परंतु अडवलेले पाणी कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर जलशास्त्रात नाही. समजा, एका वाडीत तीन कुटुंबे आहेत. पहिल्याची जमीन दहा एकर, माणसे चार. दुसऱ्याची जमीन दोन एकर, माणसे पाच. तिसरे भूमिहीन, माणसे तीन. वाटण्यासाठी पाण्याचे ६० भाग आहेत. एकराच्या हिशेबाने वाटणी होते ५०, १० आणि शून्य. माणशी हिशेबाने होते २०, २५ आणि १५. दोन्ही गणिते अचूक आहेत. मात्र भागायचे कशाने, एकराने की माणसाने, हे गणित सांगत नाही. ते समाजाने ठरवायचे असते. आणि समाज गप्प राहिला तर ज्याच्याकडे दहा एकर आहेत तो ते ठरवून टाकतो.

हा केवळ कागदी हिशेब नाही. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पडीक जमीन घेऊन पाणी अडवण्याचे व जिरवण्याचे प्रयोग केले. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्यातून पाणी पंचायतीचे नियम घडत गेले. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे तर माणशी, अर्ध्या एकरापुरते, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकरांपुरते, भूमिहीनांनाही वाटा, जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क जाणार नाही, उसासारखी पिके घ्यायची नाहीत, आणि खर्चाचा काही हिस्सा लाभधारकांनी स्वतः उचलायचा.

हे नियम एकमेकांत कसे गुंतलेले आहेत ते पाहा. माणशी वाटा दिला पण उसाला मुभा ठेवली, तर एकाच्या उसासाठी शेजाऱ्याच्या वाट्यावर डोळा जाणार. हक्क जमिनीला बांधला, तर पहिल्याच अडचणीत गरिबाची जमीन विकली जाऊन पाणीही जाणार. एक कडी काढली की साखळी तुटते. माणूस केंद्रस्थानी ठेवून समग्र व्यवस्थेचा विचार करणे म्हणतात ते हेच.

यावर आक्षेप येतो की, समान वाटणीने उत्पादन घटेल. अर्थशास्त्राला हे सरसकट मान्य नाही. कोरडवाहू पिकाला ऐन ताणाच्या वेळी मिळालेल्या पहिल्या पाण्याने उत्पादनात जी वाढ होते, ती आधीच भिजलेल्या शेतात दहाव्या पाण्याने होत नाही. येथे विज्ञान समतेच्या बाजूनेच साक्ष देते. मात्र तशी साक्ष काढायला कोणीतरी हवे असते.

पाणी पंचायतीच्या सर्वच योजना टिकल्या नाहीत, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही की, तिचे तत्त्व राज्याचा नियम झाले नाही. शासकीय सिंचनात पाण्याचा हक्क आजही मुख्यतः लाभक्षेत्रातील जमिनीशी बांधलेला आहे. आता ठिबक आले, ओलावा मोजणारी यंत्रे आली, उपग्रहांची चित्रे आली. त्यांचे स्वागतच करू. परंतु ठिबकने वाचलेले पाणी शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याकडे जाणार की त्याच बागायतदाराचा ऊस आणखी दोन एकर वाढवणार, हे ठिबकची नळी ठरवत नाही.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बंधारे-तलावांचा आग्रह धरला आणि शेतकऱ्याला लुबाडणाऱ्या व्यवस्थेचीही झडती घेतली. त्यांच्या लेखी हे दोन वेगळे विषय नव्हते. तुमच्या तालुक्यात उद्या एखादी जलयोजना येईल, तिच्याबरोबर तज्ज्ञांचा जाडजूड अहवालही येईल. तो अभ्यासा, त्यातील आकडे समजून घ्या, चुकले असतील तर दाखवून द्या. आणि मग भर ग्रामसभेत उभे राहून विचारा की, या हिशेबात भूमिहीनाचे घर कोणत्या रकान्यात आहे? रकानाच नसेल, तर तो पाडून घेईपर्यंत योजनेला संमती देऊ नका.