उतरणीचा मोह

सह्याद्रींतील गड चढण्याची हौस आपल्यापैकीं पुष्कळांना असेल. तोरण्यासारखा गड चढतांना छाती भरून येते. पण एक दिलासा असतो. कष्ट आधीं होतात, आणि थकलेला मनुष्य परततांना खालीं उतरत असतो. हाच क्रम उलटा झाला तर काय होतें, याचा अनुभव मला अमेरिकेंत, ॲरिझोना संस्थानांतील ‘ग्रँड कॅनियन’ या विख्यात दरींत आला. तोच आज सांगावयाचा आहे.

कोलोराडो नदीनें लक्षावधि वर्षें कोरलेली ही दरी २७७ मैल लांब आणि सुमारें एक मैल खोल आहे. १९१९ सालीं ती राष्ट्रीय उद्यान झाली. तिच्या दक्षिण कड्यावरून ‘ब्राइट एंजल’ नांवाची पायवाट नदीपर्यंत उतरते. एका पदभ्रमण-मंडळाबरोबर आम्ही बाराजण मे महिन्यांतील एका पहाटे त्या वाटेला लागलों. कड्यावर चांगलीच थंडी होती.

उतरतांना पाय आपोआप पडत होते. नागमोडी वाटेच्या वळणावळणाला खडकाचा रंग पालटतो आणि वयही वाढत जातें. कड्यावरचा पांढुरका चुनखडक सुमारें २७ कोटी वर्षांचा. तळाचा काळाकभिन्न खडक पावणेदोन अब्ज वर्षांच्या आसपासचा. साडेचार मैलांवर, कड्यापासून तीन हजार फूट खालीं, त्या रुक्ष मुलुखांत अवचित एक झरा व दाट सावली लागते. येथें पूर्वीं हवासुपाई लोक शेती करीत. त्यांच्यापैकीं अखेरच्या रहिवाशाला १९२८ सालीं ही जागा सोडावी लागली. २०२२ सालीं तिला ‘हवासुपाई गार्डन्स’ हें नांव देण्यांत आलें.

नऊ वाजले होते. नदी आणखी साडेतीन मैलांवर होती. आमच्या तुकडीच्या प्रमुख साठी उलटलेल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, “येथूनच परतावयाचें.” मला तें अपमानास्पद वाटलें. इतक्या दुरून येऊन नदीला हात न लावतां माघारी फिरावयाचें? माझे पाय अगदीं ताजे आहेत, असें मीं त्यांना बजावलें. त्या शांतपणें म्हणाल्या, “ताजे असावयाचेच. आपण अजून चढलां आहांत कोठें?”

मनांतून कुरकुरत मी परत फिरलों. चढावयास उतरण्याच्या दुप्पट वेळ लागतो असें तेथें समजतात, आणि ही चढण नेमकी ऊन तापल्यावर वाट्यास येते. हवा इतकी कोरडी कीं घाम आल्याबरोबर वाळतो. अंगांतून किती पाणी गेलें तें कळत नाहीं. मी पाणी घटाघटा पीत होतों. खाण्याकडे मात्र दुर्लक्ष केलें होतें. कड्यापासून तीन मैलांवरच्या विसाव्याशीं माझें डोकें भणभणूं लागलें, मळमळूं लागलें, पायांतलें त्राण गेलें. बाईंनीं मला सावलींत बसविलें, सदरा भिजविला आणि खारट बिस्किटें थोडीं थोडीं खावयास लावलीं. घामाबरोबर मीठही जातें. त्याची भरपाई न करितां नुसतें पाणी पीत राहिलें तर रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरतें, व तें जिवावरही बेतूं शकतें, हें मला तेव्हां समजलें.

तासाभरानें मी उठलों. पांच-दहा मिनिटें चालावें, थांबावें, पुन्हां चालावें, असें करीत दुपारीं कडा गांठला. नदीवर जाण्याचा हट्ट पुरा झाला असता तर भर दुपारीं मी त्या विसाव्यापासून पांच मैल खालीं असतों.

गडावर शिखर आपणांस बोलावतें, आणि आपला थकवाच वेळेवर आवर घालतो. दरींत उतरण बोलावते, आणि तो थकवा फार उशिरां येतो. म्हणून तेथें आवर घालण्याचें काम दुसऱ्याच्या अनुभवावर सोंपवावें लागतें. कड्यावर पोंचल्यावर मीं बाईंची क्षमा मागितली. त्या हंसून म्हणाल्या, “माझ्याही पहिल्या खेपेला मला कोणी तरी अडविलें होतें.” नदीला हात लावावयाचा राहिला, याचें मला आतां वाईट वाटत नाहीं.