हाताची कातडी किती पाणी गळू देते?

भांड्याची पावडर, धुण्याचा सोडा, रानातलं खुरपणं, यांनी आपली बोटं खरखरीत होतात, पेरांना चिरा पडतात. मिरची कुटताना त्या चिरा कशा झोंबतात ते वेगळं सांगायला नको.

कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे आपलं कुंपण. मनगटाच्या वरच्या बाजूला तो केसाहूनही पातळ असतो. मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि मधली चरबी म्हणजे चुना. साबण-सोडा तो चुना धुऊन नेतो. मग घाम नसतानाही अंगातलं पाणी वाफ होऊन जास्त उडतं.

हे उडणारं पाणी मोजता येतं. सुई नाही, रक्त नाही, खरवडणं नाही. एक छोटी नळी कातडीवर अलगद टेकवतात, ती वरच्या हवेतली वाफ मोजते. निरोगी हातावर, कोपराखाली, एका चौरस मीटरमागे तासाला साधारण ५ ते १० ग्रॅम पाणी उडतं. आकडा वाढला की कुंपणाला भगदाड. आधी गार खोलीत १५ ते ३० मिनिटं बसवतात. चुलीपुढून उठून हात पुढे केला तर घामच मोजला जाणार!

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात दोन दिवसांच्या बाळांचं असं मोजमाप झालं. ज्यांचा आकडा जास्त होता, त्यांना पहिल्या वर्षात इसब जास्त झाला. म्हणजे डोळ्यांना काही दिसायच्या आधीच यंत्राला कळतं.

ही यंत्रं मोठ्या प्रयोगशाळांत असतात. बाजारात पेनासारखं जे दाखवतात ते वेगळं, ते फक्त वरची ओल सांगतं. आमच्या गटांकडे एक विक्रेता आला होता. क्रीम लावलं, आकडा दुप्पट झाला, आता गटाच्या पैशातून माल घ्या म्हणाला. आम्ही त्याला ओलं फडकं तपासायला लावलं. फडक्याचा आकडा क्रीमच्याही वर गेला! पैसे गटातच राहिले.

कुंपण राखायला महागडं काही लागत नाही. काम झालं की हात साध्या पाण्याने धुवायचे, टिपायचे, आणि थोडे ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळायचं. सोड्याच्या कामाला रबरी हातमोजे, आत सुती. चिरेतून रक्त किंवा पू येत असेल तर मात्र तेलावर थांबू नका, आशाताईंना सांगा आणि दवाखाना गाठा.