लाटेवरची होडी आणि हातातला कॅमेरा

मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर रापणीची होडी लाटांत लोटताना तुम्ही पाहिली असेल. होडी जाळे सोडीत अर्धवर्तुळ घेते आणि मग दोन्ही बाजूंचे दोर माणसे किनाऱ्यावरून ओढतात. यांत्रिक नौका आणि पर्ससीन जाळी आल्यापासून या धंद्याची ओढाताण झाली आहे. म्हणून गावच्या शाळेने रापणीची छायाचित्रे जपून ठेवावीत. पण फोटो काढावा नि होडीच्या जागी नुसता ठिपका दिसावा, असे का होते?

पहिले कारण अंतर. साधा हिशोब करू. होडी २०० मीटरवर आहे आणि कॅमेऱ्याचे भिंग ५० मिलिमीटरचे. २४ मिलिमीटर उंचीच्या चौकटीत उभ्या माणसाची प्रतिमा अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही! ४०० मिलिमीटरचे भिंग लावले, तर ती सुमारे साडेतीन मिलिमीटर होते. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये लाटांवर फळीवरून घसरण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, प्रथमच आला. तसल्या खेळाची किनाऱ्यावरून काढलेली चित्रे अशा लांब भिंगांची असतात. लांबचे वेगळे भिंग नसलेल्या मोबाइलवर बोटांनी दृश्य मोठे केले, तर तो चित्राचा तुकडा कापून फुगवतो, इतकेच.

दुसरे कारण वेग. होडी सेकंदाला ५ मीटर सरकते असे धरा. शटर एक शतांश सेकंद उघडे राहिले, तर तेवढ्यात ती ५ सेंटिमीटर पुढे जाते. एक सहस्रांश ठेवले, तर अर्धाच सेंटिमीटर. भर उन्हात आयएसओ २०० आणि एफ ८ ठेवले की सहस्रांशाच्या आसपास जमते. ऊन उतरले, तर आयएसओ वाढवावा.

तिसरे कारण उजेड. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी ऊन पाठीमागून येते, तेव्हा चेहरे दिसतात. संध्याकाळी नुसत्या काळ्या आकृत्या. फेसाच्या पांढरेपणाने कॅमेरा फसतो नि माणसे काळवंडतात. तेव्हा उजेड थोडा वाढवून घ्यावा. भिंगावर वाळू बसली, तर कोरड्या फडक्याने घासू नका, ओरखडे पडतात. आधी फुंकून उडवा.

मग ज्याच्याजवळ साधा मोबाइल आहे, त्याने काय करावे? चांगल्या फोटोसाठी लाटेत मुळीच उतरू नये. होडी दूर जाऊ द्या. रापणीचे खरे काम पुढे किनाऱ्यावरच चालते: दोरावरचे हात, वाळूत रोवलेले पाय, जाळ्यातली तडफडणारी मासळी. हे सारे चार पावलांवर असते आणि तिथे लहान भिंग पुरते. रापणकरांना आधी विचारा, त्यांच्या वाटेत उभे राहू नका. आणि गुरुजी, प्रत्येक चित्राखाली गाव, तारीख आणि त्यांची संमती असेल तर नावेही मुलांकडून लिहवून घ्या. नाव नसलेले चित्र पुढच्या पिढीला ओळखता येत नाही.