वसईचे संत गोन्सालो गार्सिया

(मंडळाच्या वर्धापनदिनी सिरसाळा येथे केलेले भाषण)



आज मी ज्या संतांविषयी बोलणार आहे, त्यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळजणी प्रथमच ऐकत असतील. ते ख्रिस्ती होते, पण परके नव्हते. ते आपल्या महाराष्ट्रातील वसईचे. गोन्सालो गार्सिया हे त्यांचे नाव. कॅथलिक पंथात संतपद लाभलेले ते पहिले भारतीय होत.

त्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईला झाला. वसईत तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकली, तीच ही वसई. गोन्सालोंचे वडील पोर्तुगीज शिपाई आणि आई तिथलीच, कोकणातली. किल्ल्यातील जेझुइट धर्मगुरूंपाशी त्यांचे शिक्षण झाले आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याबरोबरच ते जपानला गेले. मुलगा बुद्धीने तल्लख. बघता बघता जपानी भाषा त्यांना मातृभाषेसारखी येऊ लागली. आठ वर्षे त्यांनी मनोभावे काम केले. त्या संघात आपल्याला रीतसर घ्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती, पण ती काही पुरी झाली नाही.

भगिनींनो, ज्या घरासाठी राबावे त्या घराने आपले म्हणू नये, हे दुःख आपल्याला सांगावे लागत नाही. गोन्सालोंनी मात्र मन कडू होऊ दिले नाही. ते व्यापारात पडले आणि त्यात त्यांचा चांगला जम बसला. पण मन रमेना. अखेर सगळे सोडून फिलिपाईन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात शिरले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे सेवक बंधू म्हणून.

१५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता या धर्मगुरूंबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर सर्वांच्या वतीने बोलायचे ते गोन्सालोंनीच. क्योटो शहरात राहायला परवानगी मिळाली. तिथे या मंडळींनी महारोग्यांसाठी रुग्णालय काढले. ज्यांना घरच्यांनीही दूर लोटले, त्यांच्या जखमा धुणे, त्यांना भरवणे हे काम तिथे सुरू झाले. आपल्याकडे बाबा आमटे आणि साधनाताईंनी वरोऱ्याजवळ महारोग्यांसाठी वसाहत उभारली आणि तिला नाव दिले आनंदवन. या दोन गोष्टी एकत्र आठवल्या म्हणजे कळते की आनंद कुठे सापडेल याचा नेम नाही.

१५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पेनचे गलबत जपानच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यावरील माल सरकारजमा झाला. पुढे वाद वाढला आणि हे धर्मोपदेशक म्हणजे परकीय राज्याची आघाडीच, असा संशय हिदेयोशीच्या मनात बळावला. परकी सत्ता काय करते हे वसईकरांनीही भोगलेले होते. तेव्हा संशयाला मुळी आधारच नव्हता असे म्हणता येणार नाही. पण त्याची शिक्षा भोगावी लागली ती महारोग्यांची सेवा करणाऱ्यांना.

१५९७ च्या जानेवारीत चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापून त्यांची धिंड काढण्यात आली. मग ऐन थंडीत नागासाकीपर्यंत महिनाभराची वाट सुरू झाली. त्यांची वाटेत सेवा करावी म्हणून दोघे भाविक मागून चालत होते, त्यांनाही धरले आणि चोवीसांचे सव्वीस झाले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, बाकीचे वीस जपानी. लुईस नावाचा मुलगा अवघा बारा वर्षांचा. चौदा वर्षांच्या थॉमसने वाटेवरून आईला पत्र लिहिले, त्यात धाकट्या भावंडांना सांभाळ असे सांगितले. त्याचे वडीलही त्याच्याबरोबर मरणाला निघाले होते. त्या माउलीने ते कसे सोसले असेल!

५ फेब्रुवारी १५९७. नागासाकीची निशिझाका टेकडी. त्या दिवसाच्या वृत्तांतात सांगितले आहे की गोन्सालोंनी पुढे होऊन आपला क्रूस कोणता म्हणून विचारले आणि त्याला आलिंगन दिले. लहानग्या लुईसनेही आपला क्रूस हसतमुखाने विचारून घेतला. कुणी स्तोत्रे गाऊ लागले. पॉल मिकी या जपानी बंधूंनी क्रूसावरूनच उपदेश करून मारेकऱ्यांना क्षमा केली. मग भाल्यांनी सर्वांचा अंत झाला. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीसही जणांना संत म्हणून घोषित केले. वसईत आजही गोन्सालोंचा सण भक्तिभावाने पाळतात.

आता कुणी म्हणेल, बायकांना सोसायला आणखी एक गुरू कशाला? जन्मभर तेच तर शिकवले! हा प्रश्न रास्त आहे. आपल्या भागातल्या कितीतरी बाया ऊसतोडीला जातात आणि दुखणे अंगावर काढतात. सासरचा जाच मुकाट्याने गिळणाऱ्याही आहेत. त्यांना मी गोन्सालोंचे नाव सांगून गप्प बसवणार नाही. गोन्सालोंनी मुकाट्याने काहीच केले नाही. जन्मभर ते दुसऱ्यांसाठी बोलले. आणि त्यांनी महारोग्याला सोस म्हटले नाही, त्याच्यासाठी रुग्णालय काढले. दुसऱ्याचे दुःख दूर करायचे आणि त्या कामात आपल्या वाट्याला जे येईल ते हसत घ्यायचे, हा त्यांचा मार्ग.

आपल्या शेजारच्या गंगाखेडच्या जनाबाईने परक्या घरी दळणकांडण करतानाही विठ्ठलाला जवळ केले. तिचा आनंद आणि गोन्सालोंचा आनंद मला सख्खा वाटतो. दोघांचाही देव कामाच्या ठिकाणी होता.

तेव्हा आजच्या दिवशी एवढेच ठरवू या. शेजारीण आजारी दिसली तर 'होईल बरे' म्हणून न सोडता तिला दवाखान्यात नेऊ. त्या धावपळीत पाय दुखले तर ते दुखणे मात्र आनंदाने सोसू.